तीस फूट तोंडाचं दुकान

॥ श्री ॥
तंजावर, ४ जून १९९८

चि. मुरलीस रंगरावकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि बर्गरवाल्या कंपनीची आठ पानं पोचली. वाचून डोळे पांढरे झाले. नुसतं नाव वापरायचे सात लाख, यंत्रांचे वीस, शिवाय विक्रीत दरमहा हिस्सा! जागा कोपऱ्यावरची, तीस फूट तोंडाची, पुढे दहा मोटारी राहतील अशी. अरे, आपल्या दक्षिण वीथीत एक बैलगाडी वळली तर चार सायकली गटारात जातात! तुझी विशालाक्षीकाकू म्हणते, मुलगी पाहायला आलेलेसुद्धा इतकं विचारत नाहीत.

माझं भांड्यांचं दुकान मोजलं, सव्वीस फूट भरलं. चालत असेल तर घे बाबा. मद्रासची नोकरी सोडून येतोस म्हणतोस, मी का आड येऊ?

काकूचे आशीर्वाद. जेवत जा वेळेवर.

रंगराव

चेन्नई, २६ जून

ती. काकांस मुरलीचा सा. न. वि. वि.

कंपनीचा नकार आला. सव्वीस फूट त्यांनी चालवून घेतले होते. पण रस्त्यावरची माणसं मोजायला पाठवलेल्या गृहस्थाच्या कागदावर अकरा ते चार एकही माणूस नाही! गावात संप होता काय? खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, तुमच्या काकूंनी जेवायला बोलावलं. काका, माझं येणं त्या एका कागदावर होतं. आता इथेच कुजायचं.

काकूला नमस्कार. रागावलो आहे, तरीही.

मुरली

तंजावर, २ जुलै

चि. मुरलीस आशीर्वाद.

तिचा काय अपराध? दारात उन्हात उभं राहून माणसं मोजणारा माणूस कुणाला बघवेल? सांबार, डांगर, वर दोनदा पायसम. मग पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणून तोच दारच्या तिण्णईच्या ओट्यावर आडवा झाला. मी उठवायला गेलो तर ही माझ्याच अंगावर आली, झोपलेल्या पाहुण्याला हात लावाल तर बघा म्हणाली. मी कुणाकुणाशी भांडू?

पण माझा खरा राग तुझ्यावर आहे. सत्तावीस लाख डोक्यावर घेऊन, परक्यांची परवानगी काढून काकाकडे यायचं? तिथे करमत नाही, एवढी एक ओळ लिहायला हात झिजला असता? गुडघ्यांपायी दुकानाची पायरी मला चढवत नाही, हे मीही लिहिलं नाही म्हणा. दोघेही दीडशहाणे.

पुढल्या शुक्रवारी कुलूप तू उघड. काय विकायचं ते मागाहून ठरवू.

लोभ आहेच. तो नंतर वाढव, आधी ये.

रंगराव