पहिला नग

मरोळ, बुधवार

प्रिय लिओना,

काल फोनवर मी तीनदा ‘जेवलीस का’ विचारलं आणि तू वैतागलीस. खरं तर विचारायचं वेगळंच होतं, ते बोलून जमलं नाही. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. शुक्रवारी तुमचं रॉकेट उडणार. मम्मी म्हणते, रॉकेट लेकीचं आणि झोप उडालीय बापाची.

तुमच्या कंपनीने तिन्ही रॉकेटांना दिलेली नावं मम्मीच्या जिभेला कधी जमली नाहीत, म्हणून घरात आपले धाकटा, मधला आणि थोरला. धाकटा पहिल्यांदा उडाला आणि नव्वद सेकंदांत समुद्रात गेला, तेव्हा चार दिवस तू फोन उचलला नव्हतास. पुन्हा नवा बांधला, तो नीट वर पोचला आणि मम्मीने गल्लीभर मैद्याचे गोड तळलेले फुगे वाटले. मग तसलीच चार इंजिनं एकत्र बांधून मधला झाला, आता नऊ बांधून थोरला. सात वर्षं गेली गं यात. तुझे केस पांढरे व्हायला लागलेत, ते व्हिडिओ कॉलवर मला दिसतं.

आणि तिघांच्याही ऑक्सिजनच्या वॉल्व्हमध्ये आमच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपची चकती. बिस्किटाएवढी, पण तिच्यावर सगळी भिस्त. तूच तुमच्या साहेबांना सांगितलं होतंस, अंधेरीत माझे डॅडी तपासतात, त्यांचा शिक्का असला तर मी डोळे मिटून लावीन. ते ऐकून मी महिनाभर वर्कशॉपमध्ये मिरवत होतो.

तुझे आजोबा आगेऱ्याला, सुगीच्या सणाला, भाताची पहिली लोंबी चर्चमध्ये न्यायचे, आठवतं? त्यांचं शेत गेलं, तिथे कारखाने आले, म्हणून मी दर ऑर्डरचा पहिला नग नेतो. फादर हसतात, पण पाणी शिंपडतात. मग तो नग घरच्या वेदीवर, तेलाच्या दिव्याशेजारी. तो आम्ही कधीच पाठवत नाही, त्यासाठी एक जास्तीचा बनवतो. मालकांनाही हे ठाऊक आहे.

रविवारी तू सहज म्हणालीस की चाचणीनंतर थोरल्याच्या एका इंजिनाचा वॉल्व्ह गळला आणि तुम्ही आमच्या ऑक्टोबरच्या मालातली शिल्लक चकती बसवली. मी विचारलं, बसवण्याआधी पुन्हा धुतलीत ना. तू हसलीस.

“डॅडी, पिशवीवर तुझा शिक्का होता. मग कशाला धुवायची?”

तेव्हापासून मला झोप नाही. ऑक्टोबरच्या त्या मालात शेवटच्या दिवशी सतरा नंबरला चरा दिसला. टेम्पो दारात उभा, बाकी नगांची तेल काढायची धुलाई आटोपलेली, आणि तू दिलेली तारीख मला चुकवायची नव्हती. मी घरी आलो, वेदीवरचा पहिला नग उचलला. मापात अगदी बरोबर होता. स्पिरिटने पुसला, त्यावर सतरा कोरला, पिशवी बंद करून शिक्का मारला. दिव्याचं तेल त्याच्या खाचेत राहिलं असेल की नाही, मला माहीत नाही. ऑक्सिजनच्या वाटेत तेलाचा थेंब राहिला तर तो कसा पेट घेतो, हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना मीच शिकवतो. चरा पडलेली चकती आता वेदीवर आहे, आणि मम्मी तिच्यासमोर रोज थोरल्यासाठी प्रार्थना करते. तुम्ही कुठला नंबर बसवलात हे रविवारी मी विचारलं नाही, उत्तराला घाबरलो. तू नोंद बघ. सतरा असेल तर थोरल्याला थांबव. हे पत्र साहेबांना दाखव, माझं नाव झाकू नकोस. माझ्यामुळे तुलाही मान खाली घालावी लागेल, याची मला फार लाज वाटते, पोरी. फोन हातातच धरून बसलोय. या वेळी जेवलीस का विचारणार नाही, तू फक्त नंबर सांग.

तुझाच,
डॅडी