खासगी खिडकी

पनवेल

प्रिय रेवा,

तू, मी आणि लग्न होऊन दुसऱ्याच्या घरात गेलेली प्रत्येक बाई, आपल्या सगळ्यांची एक तक्रार सारखीच आहे. घरात आपलं म्हणून कुलूप लागणारं काही नसतं. पर्स कुणीही उघडतं, कपाट कुणीही आवरतं, फोन कुणीही उचलतं. यावर मी चाळीस वर्षं भाषणं केली, जासईच्या देवळापासून पनवेलच्या सभागृहांपर्यंत टाळ्या घेतल्या. आणि तुझ्यावर संशय घेणारी पहिली बाई, तुझी सासू, मीच निघाले.

जूनमध्ये हॉलमधल्या कॉम्प्युटरवर त्या जाहिराती सुरू झाल्या. मी बातम्या वाचायला बसले की बाजूला एक म्हातारी, कपाळावर चष्मा ठेवून चष्माच शोधणारी. खाली ओळ, 'आई विसरायला लागलीय का?' पाककृती उघडली तरी ती, हवामान बघितलं तरी ती. तू शिकवलं होतंस तसं मी काय काय बघितलं त्याची सगळी नोंद पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी ती हजर. आधी वाटलं, हे मीच कधीतरी शोधलं आणि विसरले. त्या विचाराने इतकी घाबरले की दुसरा विचार घट्ट धरला: हे तूच शोधतेस. मग वाचक मंडळात, बारा बायकांसमोर, तू चहा घेऊन आलीस तेव्हा मी म्हणाले, "शिकलेली सून घरात आली की सासूला वेडी ठरवायला डॉक्टर लागत नाही." मंडळातल्या गोदूबाई हसल्या. तू ट्रे खाली ठेवलास. "आई, मी नाही. पण तुमचं ठरलंय," एवढंच बोललीस आणि रविवारी पुण्याला माहेरी गेलीस. जाहिरातीतली म्हातारी मात्र गेली नाही.

कळंबोलीला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या अंकिताताईंना शेवटी विचारलं. त्या म्हणाल्या, "पुसून काय होणार, मॅडम? ते जाहिरातवाले तुमचं मशीनच चेहऱ्याने ओळखतात." कुठलंही पान उघडलं की ब्राउझर आपल्याला न विचारता स्वतःचं वर्णन देतो: स्क्रीन केवढा, भाषा कुठली, फॉन्ट कुठले. यातली एकेक गोष्ट हजारोंकडे असते, सगळ्या मिळून बहुधा एकाकडेच. माझा भाऊ शिवा जासईच्या कंटेनर यार्डात कामाला होता. नंबर खरवडलेला कंटेनरही तो पोचे आणि रंगाची ठिगळं बघून ओळखायचा. तसंच हे. आपलं मशीन तर उठून दिसणारंच, कारण खाडीतल्या भरावाविरुद्धची पत्रकं टाइप करायला ओळखीच्या आनंदाच्या छापखान्यातून सदतीस मराठी फॉन्ट आणून मीच त्यात बसवलेत. मागे नोंद न ठेवणारी ती खासगी खिडकी उघडली तरी हे पोचे तेच राहतात. शिवाय घराचं इंटरनेट एकच, म्हणजे घरात कुणीही शोधलं तरी जाहिरात मला दिसू शकते. नेमकं कशावरून ओळखलं हे छातीठोक सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

जेवताना हे सगळं कुमारला सांगत होते. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "पण मी तर प्रायव्हेट खिडकीतच बघितलं होतं. त्यात काही राहत नाही ना?"

माझा मुलगा, रेवा. तुझा नवरा. महिनाभर त्याने तुला माझे शब्द सोसू दिले. का बघत होतास, असं मी विचारलं. तो म्हणाला, माझ्या हातून गॅस दोनदा चालू राहिला होता. आणि चिरनेरच्या सभेत मी एकच मुद्दा तीनदा मांडला, तिन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तो एकदाच मांडल्याचं आठवतं.

मंगळवारी डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. ज्यांनी माझं तोंडही पाहिलेलं नाही, त्यांना हे माझ्या आधी कळलं होतं, आणि त्याचा त्यांनी धंदा मांडला. त्यांच्याशी भांडायला माझ्याकडे किती दिवस आहेत, ठाऊक नाही. पण एक दिवस असा येईल की मला जाहिरात आठवेल आणि कुमारचं वाक्य आठवणार नाही. तेव्हा मी पुन्हा तुझ्याकडे बोट दाखवेन, आणि माझं बोलणं लोकांना पटतं हे तू पाहिलं आहेस. म्हणून आठवतंय तोवर स्वतःच्या हाताने लिहिते आहे. घरी परत ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण येत्या शनिवारी पाच वाजता मंडळ भरेल तेव्हा ये, आणि हे पत्र त्या बारा जणींसमोर मोठ्याने वाच. मी मध्येच थांबवायला लागले तरी थांबू नकोस.

तुझीच,
सुमती