सर्वांचं मशीन

३ जानेवारी
देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली. आज मी नियोजन खात्यात रुजू झाले. घरातली पहिली पदवीधर मीच, त्यामुळे अर्थव्यवस्थेची जबाबदारी साधारण माझ्यावरच आहे. निश्चय : रोज पहाटे उठून समाजवादावरचा जाड ग्रंथ वाचायचा. आई म्हणाली, "पहाटे उठणारच आहेस, तर पाणी भर."

४ जानेवारी
पाणी आईनेच भरलं. ग्रंथ उद्यापासून.

११ जानेवारी
खात्याची योजना : सहकारी शिलाई केंद्र. शिंप्यांनी आपापलं मशीन केंद्रात जमा करायचं. काम सर्वांचं, नफा सर्वांचा. साहेबांनी विचारलं, "पहिलं मशीन कोण देणार?" मी हात वर केला. बाबांना विचारायचं राहिलं. पण बाबा शिंपी, म्हणजे मुळात कामगारच. दुकान त्यांचं स्वतःचं आहे, हे खरं. पण एका मशीनचं दुकान म्हणजे काही भांडवलशाही नव्हे. ग्रंथात बघायला हवं.

१२ जानेवारी
बाबांना तासभर समजावलं. शेवटी म्हणाले, "बाळा, मला यातलं काही कळत नाही. तू शिकलीस. तू म्हणशील तसं." विचार पटल्याशिवाय माणूस असं बोलत नाही. आईने आतून विचारलं, "तुझ्या त्या समानतेत भांडी कोण घासतं गं?" आईचा पाया कच्चा आहे.

२ फेब्रुवारी
उद्घाटन. बाबांचं मशीन हातगाडीवरून आलं. सोबत बाबा, एक हात मशीनवर ठेवून. त्यांचा उजवा पाय लहानपणापासून आखूड आहे, म्हणून पायडलवर त्यांनी लाकडाचा ठोकळा बसवून घेतलाय. साहेबांनी विचारलं, "हे काय?" बाबा ओशाळून म्हणाले, "पाय पोचावा म्हणून, साहेब." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (ठोकळ्यासाठी नव्हे. फीत कापली तेव्हा.)

९ फेब्रुवारी
शिंपी जो तो आपल्याच मशीनला चिकटून बसतो. तेलसुद्धा आपल्यालाच घालतो, शेजारचं कुरकुरलं तरी. मालकीची भावना! मी नियम सुचवला : दर सोमवारी मशीन बदलायचं. साहेब म्हणाले, "पोरी, तुला तत्त्व कळलंय." घरी येईपर्यंत जमिनीवर पाय नव्हते.

१६ फेब्रुवारी
तक्रार आली. बाबांच्या मशीनवर बसणाऱ्याचा गुडघा ठोकळ्यामुळे वर आपटतो. एकासाठी वेगळी सोय म्हणजे विशेषाधिकार. ठोकळा काढायचं ठरलं. हातोडी मीच आणून दिली. बाबांनी स्वतः काढला. निघालेले खिळे ठोकून सरळ केले आणि खिशात टाकले. काटकसरीचा उत्तम आदर्श.

१ मार्च
बाबांचा पाय कुठल्याच मशीनवर पोचत नाही. आता ते कोपऱ्यात बसून काज-बटणं करतात. मी म्हटलं, "बाबा, सगळ्या श्रमांची प्रतिष्ठा सारखीच." ते "हो" म्हणाले. मान वर केली नाही. एकाग्रता वाढलेली दिसते.
रात्री झोप लागली नाही. ठोकळ्याबद्दल साहेबांशी बोलायचं ठरवलं.

२ मार्च
साहेब घाईत होते.

८ मार्च
साहेब निवांत होते, पण त्यांनीच माझ्या बढतीचा विषय काढला. मध्येच ठोकळा कसा काढणार?

१९ मे
शाळेच्या गणवेशांची अख्खी ऑर्डर परत आली. कॉलर तिरक्या. शिंपी म्हणतात, दर आठवड्याला नवं मशीन, हात बसणार कसा? माझ्या मते दोष दोऱ्याचा. केंद्र बंद. साहेब म्हणाले, धोरण बदललंय, आता खासगी उद्योगाला वाव द्यायचा. मशीनं आता केंद्राच्या मालकीची; ती सगळी एका ठेकेदाराने विकत घेतली. मी विचारलं, "आणि तत्त्व?" साहेब म्हणाले, "तत्त्व तेच. वाव नवीन." विचार केल्यावर पटलं. निश्चय : भांडवलशाहीवरचा ग्रंथ आणायचा.

२६ मे
बाबांना ठेकेदाराकडे नेलं. वाटेत सांगितलं, खुल्या स्पर्धेत कौशल्याला मान असतो. ठेकेदार गोड माणूस. खुर्ची दिली, चहा दिला. "मास्तर, तुमचा हात मला ठाऊक आहे. पण माझ्याकडे दोन पाळ्या चालतात. तुम्ही ठोकळा लावणार, दुसऱ्या पाळीचा माणूस माझ्या नावाने बोटं मोडणार. एकासाठी वेगळी सोय कशी करू?"
याचं उत्तर दोन्ही ग्रंथांत कुठेतरी असेल.
मग मी ते मशीनच विकत मागितलं. तो म्हणाला, "कुठलं ते ओळखा तरी. सगळ्यांना एकच रंग दिलाय." बाबांनी रांगेकडे एकदाच पाहिलं आणि ओळखलं. पण म्हणाले, "नाही ओळखू येत. चल." घरी येताना मी भरभर बोलत होते. बाबा म्हणाले, "जरा हळू चाल, बाळा."

१४ जून
बढती झाली. बाबांबरोबर बाजारात गेले होते. त्यांचं जुनं गिऱ्हाईक, निवृत्त हेडमास्तर, भेटले. अंगात बाबांनीच शिवलेला कोट. म्हणाले, "काय हो मास्तर, दुकानाला कुलूप? ही बाही उसवलीय, आता मी कुणाचं दार ठोठावू?"
बाबा हसले. म्हणाले, "मुलगी मोठ्या हुद्द्यावर गेली ना, सर. म्हणते, बाबा, जन्मभर पायडल मारलंत, आता आराम करा. ऐकतेय कुठे!"
हेडमास्तर माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "अशी मुलगी मिळायला नशीब लागतं," म्हणाले.
खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं.
म्हटलं, "थँक्यू, सर."