पाचवा हिस्सा सरकारचा

३ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.२०
निश्चय : या वर्षी सरकारला घराबाहेर काढणे.

सहा वर्षांपूर्वी लॅपविंग क्लोज या गल्लीतलं हे नवंकोरं घर घेतलं, तेव्हा अडीच लाख पौंडांपैकी पन्नास हजार सरकारने दिले. पाच वर्षं बिनव्याजी. तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो होतो की सरकारला बरोबर गंडवलं. आता व्याज सुरू झालंय. शिवाय परत करायचे ते पन्नास हजार नाहीतच. घराची आज जी किंमत होईल तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. हे सगळं मी बायकोला, बर्नीला, नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली की हेच तिने मला घर घेताना सांगितलं होतं आणि परवाच्या नाताळात पुन्हा सांगितलं होतं. असेल. पण समजावून सांगणं वेगळं.

एक पंचमांश म्हणजे नक्की कुठला भाग, याचा टेप घेऊन हिशेब केला. खालचा संडास, जिना आणि फ्रीजचा कोपरा. आज संडासात गेलो तेव्हा उगीच परक्याच्या घरी आल्यासारखं वाटलं.

४ फेब्रुवारी, रविवार
बर्नी नेहमीप्रमाणे सहा वाजून दहा मिनिटांनी वृद्धाश्रमात कामाला गेली. रविवारचा पगार थोडा जास्त मिळतो म्हणून गेली दोन वर्षं जाते. गुडघे दुखतात तिचे. सरकारी कर्ज फिटलं की बँक स्वस्त दराने नवं कर्ज देणार आहे. मग तिला रविवार सोडता येतील. तिला एवढंच हवंय. बाकी काही मागत नाही.

सासूबाई मागे अठ्ठावन्न हजार चारशे ठेवून गेल्या. म्हणजे घराची किंमत दोन लाख नव्वद हजारांच्या आत बसली की काम फत्ते. ती बसवण्याची जबाबदारी मी घेतली आहे. बर्नी म्हणाली की नको घेऊस. विनय आहे तिच्यात.

१० फेब्रुवारी, शनिवार
शेजारचा रॉडनी पिंचबेक घर विकतोय. आमचंच जुळं घर, फक्त डावं-उजवं उलटं. एजंटाने त्याला दोन लाख पंच्याऐंशी सांगितले. मला हसू आवरेना. कुंपणावरूनच त्याला म्हटलं, अरे बाबा, तुला येडा बनवतायत, तीनशे पंधरा हजारांच्या खाली एक पैसा उतरू नकोस. रॉडनी म्हणाला की नेव्हिल, तुला या घरांमधलं कळतं बुवा. गल्लीत माझं असं नाव आहे. खरं म्हणजे मी काउंटी कौन्सिलात पार्किंगचे परवाने बघतो, पण नजर असली की असते.

त्याला कागदावर मुद्देही लिहून दिले. दक्षिणेकडची बाग, पाच मिनिटांवर शाळा वगैरे.

१७ फेब्रुवारी, शनिवार
घराचं मूल्यांकन माझा मित्र कीथ करवून देईल असं सुचवलं. त्याचा मेहुणा घरांचा एजंट आहे, दोन बिअरवर हवा तो आकडा लिहून देईल. बर्नीने नियमांचं पत्र वाचून दाखवलं. एजंट चालत नाही. सनदी सर्व्हेअरच, म्हणजे घराची किंमत ठरवायचा अधिकृत परवाना असलेला माणूसच लागतो, ओळखीतला नको, त्याने घराच्या आत येऊन बघायला हवं आणि त्याचा अहवाल फक्त तीन महिने चालतो. तिने सर्व्हेअर आधीच ठरवली होती. मिसेस हार्कनेस, फी साडेतीनशे. ७ मार्च, सकाळी दहा.

मी म्हटलं, मीही तिलाच ठरवणार होतो.

२५ फेब्रुवारी, रविवार
मोहिमेची आखणी. घर जितकं भिकार दिसेल तितकं स्वस्त. बर्नी कामावर असल्यामुळे मोकळेपणाने काम करता आलं.

१. गवत कापणे बंद. (तसंही ऑक्टोबरपासून कापलेलं नाही. दूरदृष्टी.)
२. दिवाणखान्याच्या छतावर ओल दाखवणे. स्पंजने चहा लावला. पहिला हात फिका आला, दुसऱ्यांदा कडक केला.
३. दिवाणखान्यातली चित्रं काढून भिंतीवरचे खिळे तसेच ठेवणे.
४. कीथचा कुत्रा एक दिवस उसना आणणे.

संध्याकाळी बर्नी आली, छताकडे बघितलं आणि विचारलं की हे काय. मी म्हटलं ओल. ती म्हणाली, ओलीला दुधाचा वास येत नाही.

२ मार्च, शनिवार
रॉडनीचं घर गेलं! तीनशे बाराला! रोख गिऱ्हाईक, सह्यासुद्धा झाल्या. त्याने बाटली आणून दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाला की सत्तावीस हजार पौंड निव्वळ नेव्हिलमुळे जास्त मिळाले. त्याच्या बायकोने तर माझा गालगुच्चाच घेतला. अशा वेळी माणसाने नम्र राहावं. मी चार घरी जाऊन सांगितलं आणि परत आलो.

बर्नी म्हणाली की नेव्हिल, हे त्या सर्व्हेअर बाईंना कळायला नको. मी म्हटलं, मी काय दूधखुळा आहे?

६ मार्च, बुधवार
बर्नीने उद्याची रजा मागितली होती, मिळाली नाही. जाताना तिने माझ्याकडून वचन घेतलं. दार उघडायचं, चहा विचारायचा, बाकी तोंड बंद. वचन दिलं. मूग गिळून बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

७ मार्च, गुरुवार. सकाळी ११.४५
सगळं झकास पार पडलं.

मिसेस हार्कनेस म्हणजे पन्नाशीची, ठेंगणी, चिखलाचे बूट दारातच काढून मोज्यांवर हिंडणारी बाई. कीथच्या कुत्र्याने तिला बघताच लोळण घेतली. साला फितूर. छताच्या डागाला तिने ओल मोजायचं एक यंत्र टेकवलं. यंत्र गप्प. तिने वास घेतला आणि पुढे गेली. अर्धा तास मी एक शब्द बोललो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हणाली की ठीक आहे, साधंच घर आहे, दोन लाख पंच्याऐंशी-नव्वदच्या आसपास जाईल.

साधंच!

माणसाने किती ऐकून घ्यायचं? मी तिला अगदी सभ्यपणे सांगितलं की बाई, ओट्यावर हात फिरवा, हा खरा क्वार्ट्झचा दगड आहे. माळ्यावर नेऊन मी स्वतः ठोकलेल्या फळ्या दाखवल्या. बागेत दुपारी चारपर्यंत ऊन असतं, तेही सांगितलं. आणि शेवटी, केवळ माहितीसाठी, की हेच घर शेजारी तीनशे बाराला गेलंय आणि त्याच्याकडे तर क्वार्ट्झही नाही.

ती म्हणाली की अच्छा, हा सौदा अजून सरकारी नोंदीत दिसत नव्हता, बरं झालं सांगितलंत. एजंटाचं नावही विचारून घेतलं. एजंटाचा फोन नंबर मला पाठ होता.

जाताना माझ्याशी हात मिळवला. माझ्याबद्दल तिचं मत चांगलं झालेलं दिसलं.

७ मार्च, दुपारी ३
बर्नीचा फोन. काही बोललास का, असं विचारलं. म्हटलं, हवापाण्याबद्दल.

१४ मार्च, गुरुवार
अहवाल आला. तीन लाख दहा हजार.

सरकारचा हिस्सा बासष्ट हजार. आमच्याकडे अठ्ठावन्न चारशे. छत्तीसशे कमी.

पान चारवर लिहिलंय : शेजारील घराचा ताजा सौदा, माहिती मालकाकडून मिळाली, एजंटाकडून खात्री केली. बर्नीने पान चार दोनदा वाचलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वर गेली आणि रविवारचा गणवेश इस्त्री करत बसली. आज गुरुवार आहे.

मी खालून हाक मारून सांगितलं की काळजी करू नकोस, मी लढणार आहे.

२३ मार्च, शनिवार
हरकतीचं पत्र पूर्ण. चौदा पानं. बूट काढून मूल्यांकन करणाऱ्या बाईच्या व्यावसायिक दर्जाबद्दल दोन पानं वेगळी. बर्नी म्हणाली की तिच्या बहिणीकडे, कोलेटकडे, विचारता येईल छत्तीसशेचं. मी ठाम नकार दिला. टॅपस्कॉट घराण्यात कोणी मेहुणीपुढे हात पसरलेला नाही. पूर्वी मी पसरला होता तो गाडीसाठी, ती गोष्ट वेगळी.

५ एप्रिल, शुक्रवार
हार्कनेसबाईंचं उत्तर. सात ओळी, अत्यंत नम्र. कमी किमतीला गेलेल्या तीन सारख्या घरांचा पुरावा पाठवा, जरूर विचार करू.

तीन काय, तीस पाठवीन.

१४ एप्रिल, रविवार
पुरावे शोधतोय. हेरॉन वे, तीनशे चौदा. काढून टाकलं. कर्ल्यू ड्राइव्ह, तीनशे अठरा. हे तर आमच्यापेक्षा लहान, लोकांना पैसे उतू चाललेत. शेवटी एक सापडलं, दोन लाख पासष्ट. नाचावंसं वाटलं. मग फोटो पाहिले, वरचा मजला जळालेला.

तरी पाठवलं.

२७ एप्रिल, शनिवार
नवी योजना, आणि ही फार नामी आहे. काहीच करायचं नाही. अहवाल ७ जूनला आपोआप रद्द होईल. तोवर बाजार पडणार, हे कीथ म्हणतोय आणि मलाही हाडांत जाणवतंय. मग नवीन सर्व्हेअर, दोन लाख ऐंशी, आणि वर शिल्लक. बर्नीला सांगितलं. ती म्हणाली की नेव्हिल, मला थकवा आलाय रे. मी म्हटलं, म्हणूनच तर मी विचार करतोय आपल्या दोघांचा.

२ मे, गुरुवार
कुंपणाला रंग देत होतो. बर्नी काही कागद घेऊन आली, म्हणाली इथे, इथे आणि इथे सही. बहुधा कचऱ्याच्या नव्या डब्यांचं. झोकात सह्या केल्या. कागद वाचत बसायची मला गरज पडत नाही, अंदाज येतो.

१९ मे, रविवार
बाजार अजून पडलेला नाही. हेरॉन वेवर आमच्याच साच्यातलं घर तीनशे एकोणीसला गेलं. पडण्याआधी असं होतंच.

७ जून, शुक्रवार. सकाळी ८
अहवाल आज रद्द! विजयाचा दिवस. ऑफिसातून अर्धा दिवस रजा घेतली. सरकारी कर्जाच्या ऑफिसला फोन करून सांगणार आहे की जुना आकडा आम्ही नाकारतो.

७ जून, सकाळी ११.३०
पंचवीस मिनिटं फोनवर बासरी ऐकवली. मग एक मुलगी आली. खाते क्रमांक सांगितला. ती म्हणाली की मिस्टर टॅपस्कॉट, तुमचं कर्ज तर २३ मेलाच पूर्ण फिटलंय, अभिनंदन, दोघांच्याही सह्या आहेत. मी म्हटलं, हो हो, तेच विचारायचं होतं. ती म्हणाली की वेळेत केलंत ते छान झालं, नवीन मूल्यांकनात तुमच्याकडे बहुतेक जास्त निघाले असते.

तीनशे एकोणीसचा पाचवा हिस्सा काढून पाहिला. त्रेसष्ट हजार आठशे. पुन्हा काढला. तेवढाच आला.

७ जून, संध्याकाळी ६
बर्नी आल्यावर विचारलं. ती बूट काढत म्हणाली की हो, कोलेटने दिले छत्तीसशे. तू सही केलीस ना. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तू गावभर सांगितलं असतंस.

बँकेचं नवं कर्जही मंजूर झालंय म्हणाली. हप्ता कमी होणार. मी म्हटलं, म्हणजे शेवटी माझं म्हणणं खरं ठरलं की मेच्या आत उरकायला हवं होतं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग विचारलं, रविवार कधीपासून सोडतेस? ती म्हणाली की कोलेटचे फिटले की. एका रविवारचे ऐंशी मिळतात. मी मनातल्या मनात भागाकार केला. पार्किंगच्या परवान्यांमुळे मला तोंडी हिशेब चांगला येतो. पंचेचाळीस. ते जास्तीचे छत्तीसशे कोणामुळे लागले, हे तिने काढलं नाही. पान चारचा विषयही नाही.

९ जून, रविवार. सकाळी ६.३०
बर्नी सहा दहाला गेली. मी आज तिच्याआधी उठलो होतो, चहा करून दिला. ती म्हणाली की बरा आहेस ना? जिन्यावरून उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. रविवारी मी नऊला उठतो.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ते इथे लिहून ठेवतो, तिला सांगणं जमेल असं वाटत नाही.

सगळं घर फिरून आलो. खालचा संडास, जिना, फ्रीजचा कोपरा, सगळं आता आमचं. पाचात पाच हिस्से. घरात मी एकटाच आहे.

तिने सांगून ठेवलंय की बटाटे सोलून ठेव, आल्यावर भाजायला टाकीन. सोलतो. चव्वेचाळीस रविवार राहिले.