वसंताच्या जीपचं पोट

९ जून १९६१
मी बोलून राहिली, नातसून कुसुम लिहून राहिली. मॅट्रिक झालेली, म्हणून माझं बोलणं सुधारायला जाते. सुधारू नको म्हटलं.
नातू वसंतानं अकोल्याहून मिलिटरीतली जुनी जीप आणली, ती हिच्यासाठीच. पोर पोटात आडवं आहे, बाळंतपण दवाखान्यातच करा, असं अमरावतीची डॉक्टरीण म्हणाली. आता आठवा सरत आला. पण चांदूरच्या सडकेपर्यंत काळ्या मातीचा रस्ता. बैलबंड्यांच्या चाकोऱ्या खोल, मधात वरंबा. जीपचं पोट वरंब्यावर टेकते अन् चाकं जागच्या जागी फिरतात. आज बैलांनी ओढून काढली.

१४ जून
वसंता बडनेऱ्याले एका ट्रकाखाली डोकावून आला. तिथं अॅक्सल अन् कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, मधात ठोकळा, त्यानं ट्रक उंच. नवी कमान परवडत नाही, बाभूळ घरचीच. दिवसभर ठोकळे तासले, बसवले, जॅक काढला. जीप होती त्याहून खाली बसली.
म्हटलं, "वसंता, गाभण म्हशीवानी बसली रे."
"आजी, तू घरात जाय."
ट्रकाची कमान अॅक्सलच्या वर, या जीपची खाली. ते नंतर समजलं. कुसुम हसली, मग पोट धरून बसली. उगीच हसवलं.

१९ जून
अकोल्याचे रहीम मिस्त्री आले. "बेटा, ठोकळे चुलीत घाल." त्यांचे उपाय दोन, दोन्ही स्वस्त. कमानीचे लोखंडी पाटे लोहाराकडून जास्त वाकवून घे, अन् कमान लटकते ती कडी लांब कर. वसंतानं तिसरा मनाचा जोडला, ट्रकचा भंगारातला जाड पाटा. जीप वरंब्यावरून सहज गेली.

२० जून
मागं बसून पाहिलं. कुसुम नको म्हणे. म्हटलं, माह्या पोटात काय, सकाळचं वरण. दात असते तर नाल्यापर्यंत सारे पडले असते.
उतरल्यावर वसंताले म्हटलं, "हिच्यात तुही बायको बसली तर दवाखाना रस्त्यातच."
उंच केली तर दणके, नरम केली तर पोट टेकते.

२४ जून
जाड पाटा काढला. लोहारानं जीपचेच पाटे अजून वाकवले. म्हणाला, "मोडले तं मले बोलू नका." दणके कमी झाले, उंची बोटभर उतरली. टेकेल का, विचारलं. वसंता म्हणते, "पाहू." हे काय उत्तर झालं...
कुसुम लिहिता लिहिता थांबली. "आजी, मले भेव वाटते. हे लिहू का?"
लिही म्हटलं.

२ जुलै
आज अक्षर शाळेच्या गुरुजींचं. पावसाची झड लागलेली, अन् सकाळीच कुसुमले कळा. जीपमध्ये गादी टाकली, सुईण संगं बसली. मी येतो म्हटलं तर कुसुम म्हणे, "नका आजी, तुमच्या वजनानं टेकेल." कळा सोसता सोसता टोमणा. माहीच शिकवण.
दुपारी मी गुरुजींसंगं काठी टेकत रस्त्यानं गेली. वरंब्यावरचं गवत उभं. पोट घासल्याची खूण नाही, थेट नाल्यापर्यंत. नाल्याले आता पाणी चढलेलं, पुढं जाता आलं नाही. पलीकडचं गवत माह्या डोळ्यांले दिसत नाही.
गुरुजी म्हणाले, "उभं आहे, आजी."
त्यांच्या चष्म्यावरून पावसाचं पाणी गळून राहिलं होतं.