दोन उशांची खोली

मिरजोळे, ८ मे

प्रिय सावनी,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे ताई, संध्याकाळी करते" म्हणतेस, आणि पुण्यात बहुधा संध्याकाळ होतच नाही. म्हणून कागद. शिवाय जे सांगायचंय ते नाचणे गावातल्या आप्पांच्या घरून बोलता येत नाही. आप्पांना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचे कान अजून शेवटच्या बाकावर काय चाललंय ते टिपत असतात. तेव्हा मी माझ्या घरी, दार लावून लिहितेय. दीपकला सांगितलंय की मासिकाचा लेख आहे. तो लेख वाचत नाही, त्यामुळे काळजी नाही.

विषय आप्पांचा आहे. गेले दोन महिने आप्पा पाहुण्यांची खोली सजवतायत आणि पाहुणा कोण ते सांगत नाहीत.

ती खोली तू विसरली नसशील. लग्नानंतर मुकुल तुला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा माडीवर रंग चालला होता आणि तुमची रवानगी तिथे झाली होती. मध्ये झोळ पडलेली लोखंडी खाट, जिच्यावर माणूस झोपत नसे, साठत असे. दिव्याचं बटण दाराबाहेर, म्हणजे पाहुण्याने बाहेर येऊन दिवा घालवायचा आणि मग अंधारात नडग्या आपटत खाट शोधायची. कपाटात पाहुण्यांसाठी जागा नाही, कारण त्यात आप्पांचे कंपास, लाकडी कोनमापक आणि जुन्या पंख्याची पाती. आणि एप्रिल-मे असला तर अर्ध्या खोलीत पेंढा पसरून लावलेली आंब्याची अढी. सकाळी चहा घेताना तू म्हणाली होतीस, "ताई, दोनदा वाटलं की मीपण पिकतेय." तेव्हा आई होती, ती तोंडाला पदर लावून हसली होती. आप्पा हसले नव्हते. त्यांचं तत्त्व होतं की पाहुण्याची फार सोय केली की तो राहतो. त्या खोलीच्या जोरावर त्यांनी कितीतरी नातेवाइकांना दोन दिवसांच्या आत पाली गाव ओलांडून परत पाठवलं.

त्या आप्पांनी यंदा पहिली तोड झाल्यावर अढी मागच्या पडवीत लावायला लावली. त्यांच्याकडे कामाला येणारी तुळसा मला फोन करून म्हणाली, "ताई, आप्पांची तब्येत बरी हाय ना ओ?" मलाही तेच वाटलं. आंब्याला हलवून ज्याला जागा द्यायची असा मोठा पाहुणा रत्नागिरीत अजून जन्मायचाय. मी गेले, सहज आल्यासारखं केलं. खोली रिकामी, भिंतीवरचा फोटो तेवढा जागेवर. भिंतींना नवा पांढरा रंग. मी विचारलं, "कोण येतंय?" आप्पा म्हणाले, "कुणी यायला हवं म्हणूनच भिंती स्वच्छ ठेवतात का?" जन्मभर भूमिती शिकवलेल्या माणसाला प्रश्नाचं उत्तर प्रश्नाने देता येतं. ते मी सोडून दिलं, पण मनातून सुटलं नाही.

मग धाकू सुतार आला. फणसाच्या लाकडाचा पलंग, तोही ऐसपैस. आप्पा स्वतः जमिनीवर आडवे होऊन हात पसरून दाखवत होते, इथे डोकं, इथे हात, तर बटण इथे. वायरमनला बोलावून दिव्याचं बटण उशाशी आणलं. खोलीला आतून कडी बसली, आपल्या घरात आजवर फक्त न्हाणीघराला होती तशी. आणि पलंगाच्या उजव्या बाजूला, उशापासून वीतभर अंतरावर, एक छोटी फळी. धाकूने विचारलं, "आप्पा, ह्यावर देव ठेवायचेत काय?" आप्पा म्हणाले, "चष्मा." आता आप्पांचा चष्मा दोरीने गळ्यात असतो. झोपतानाही, काढा म्हटलं तर त्यांना राग येतो. मग हा चष्मा कुणाचा?

दुसऱ्या दिवशी तुळसाने बातमी दिली की आप्पा बाजारातून दोन उशा घेऊन आले. "दोन, ताई. एका मानसाला दोन उशा कशाला ओ?" तुळसाचा आवाज खाली गेला होता. तिचा आवाज खाली गेला की ती बातमी नाचणे गावात सगळ्यांना कळलेली असते.

सावनी, तुझ्याजवळ लपवत नाही, मला आप्पांच्या लग्नाचा संशय आला. हसू नकोस. ज्येष्ठ नागरिक संघात पेटी वाजवणाऱ्या एक बाई आहेत. निवृत्त शिक्षिका, एकट्या, चष्मा लावतात. आप्पा हल्ली भजनाला जाताना इस्त्रीचा सदरा घालतात. एवढ्यावर मी मनातल्या मनात पत्रिका छापून मोकळी झाले. अख्ख्या जिल्ह्याच्या लबाड्यांवर लिहिणारी मी, घरातल्याच घरात एवढं काही शिजतंय आणि आपल्याला पत्ता नाही, हे मला सहन होईना. मी त्या बाईंकडे कोकम सरबताचं निमित्त काढून गेले. त्यांनी खरंच सरबत दिलं, त्यामुळे बसावं लागलं. इकडचं तिकडचं झालं. मग त्याच म्हणाल्या, "तुमचे वडील भारी चौकस हो. मला विचारत होते, अनारसे करून द्याल का. दोन ताटं." मी घोट घेता घेता थांबले. दोन उशा, दोन ताटं. आप्पांच्या आयुष्यातलं सगळंच एकाएकी दोन-दोन झालं होतं.

घरी येऊन दीपकला सांगितलं. त्याचं मत वेगळंच. "आप्पा होमस्टे काढतायत. गणपतीपुळ्याला जाणारी जोडपी उतरतील. उशाशी बटण, आतून कडी, डबल बेड, दुसरं काय?" माझ्या नवऱ्याच्या डोक्यात कारखाना सोडून दुसरं येत नाही, तरी हे मला क्षणभर पटलं. मग म्हटलं, अनारसे? होमस्टेत अनारसे? तेव्हा त्याचा चेहरा उतरला. सतरा तारखेला अधिक महिना लागतोय. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, आणि घरचा जावई एकच, तो. "पण मला साखर आहे," दीपक म्हणाला. "एका ताटात माझी गोळी वाढेल. दोन ताटं म्हणजे आप्पांना माझा काटाच काढायचाय." तेव्हापासून तो आप्पांकडे जायला तयार नाही. म्हणजे बघ, त्या खोलीत अजून कुणी एक रात्र काढलेली नाही, आणि एक माणूस आत्ताच घाबरून पळालाय.

इथवर गंमत होती. परवा गेले तर भिंतीवर मुकुल नव्हता.

तो गेल्यावर त्याचा फोटो त्या खोलीत लावला होता ते तुला माहीत आहे. हॉलमध्ये ऊन येतं, फोटो फिका पडेल, असं आप्पा तेव्हा म्हणाले होते. हॉलमध्ये ऊन येत नाही. येता जाता त्याच्याकडे बघणं आप्पांच्याने होत नव्हतं, म्हणून त्याला पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं, जिथे स्वतः कधी जायचं नाही. हे मला कळत होतं आणि आम्ही दोघंही कधी त्याबद्दल बोललो नाही. आता नव्या रंगावर खिळ्याचं भोकही बुजवलेलं. मी तिथेच उभी राहिले. कुणी येवो, पेटीवाली येवो की पुळ्याची जोडपी, पण त्या कुणासाठी माझ्या भावाला भिंतीवरून उतरवलं असेल तर मी त्या घराची पायरी पुन्हा चढणार नव्हते. हे मी नाटकीपणाने लिहीत नाही. तुळसाला विचारून घे, मी चपला घातल्या होत्या.

जाताना हॉलमधून गेले. मुकुल तिथे होता. आप्पांच्या खुर्चीच्या बरोबर समोर.

परत आत आले. आप्पा नव्या पलंगावर पंखा लावून, डोळे मिटून पडले होते, गादी टोचते का ते तपासत. मी म्हटलं, "आप्पा, आता सांगितल्याशिवाय मी हलत नाही. फोटो का काढलात?" डोळे न उघडता ते म्हणाले, "नव्या माणसाला सकाळी जाग आल्या आल्या समोर मुकुल दिसायला नको. तो अवघडेल." मी विचारलं, "कोण नवा माणूस?" तर म्हणाले, "सावनीचा नवरा."

मी पलंगाच्या कडेवर बसले. गादी टोचत नाही, तेवढं सांगते.

गेल्या गणपतीत तू आप्पांना फोन केलास. मागून एक माणूस म्हणाला, "सावनी, माझा चष्मा कुठे ठेवलास?" तू फोनवर हात ठेवलास, पण जरा उशिरा. आप्पा मला म्हणाले, "उमे, ऑफिसातल्या बाईला माणूस विचारतो फाइल कुठाय. चष्मा कुठाय हे तो बायकोलाच विचारतो. त्यात 'ठेवलास' म्हणाला. म्हणजे हरवतो स्वतः आणि ढकलतो तिच्यावर. नवरा निश्चित." मी म्हटलं, "आणि तुम्ही तेव्हापासून गप्प? तिला विचारलं का नाहीत?" म्हणाले, "तिने सांगितलंन नाही म्हणजे भीत असणार. भिणाऱ्या पोराला उलट विचारलं की ते खोटं उत्तर देतं, आणि मग त्या खोट्याला सांभाळत बसतं. आधी बसायला जागा द्यावी, मग ते आपोआप बोलतं." मी म्हटलं, "पण ती आता आपली सून कुठे राहिली?" तेव्हा ते उठून बसले. वर्गात एखाद्याने अगदीच सोपं चुकवलं की बघायचे तसं बघितलंनी. "या घरातून लग्न होऊन दुसरीकडे गेली ती कोण? लेक. आणि लेकीचा नवरा कोण? मग अनारसे एकट्या दीपकला कसे देणार?"

माझं म्हणशील तर मला आधी राग आला. तुझा नव्हे, त्या चष्म्याचा. मुकुलचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. राग जायला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला, आणि मी रिक्षाने नाही, चालत आले. मग मला स्वतःचं हसू आलं. दोन महिन्यांत मी आप्पांवर संशय घेतला, पेटीवाल्या बाईंवर घेतला, तुळसावर, धाकूवर, नवऱ्यावर घेतला. एका तुझ्यावर घेतला नाही. दर गणपतीत तो घाईघाईचा फोन, "ऑफिसातूनच बोलतेय ताई," आणि मागे कुकरची शिट्टी. ऑफिसात कुकर कुठून येणार हे मला सुचू नये?

हे पत्र आप्पांच्या चोरून लिहितेय. त्यांनी मला बजावलंय की तिला काही विचारायचं नाही, तिची ती येईल. आप्पा वाट बघू शकतात, त्यांना सवय आहे. मला नाही. रोज दुपारी ते त्या पलंगावर जाऊन पडतात, दिवा लावून बघतात, विझवून बघतात, मग हॉलमध्ये येऊन मुकुलसमोर बसतात. आता बसू शकतात ते. तेव्हा सतरा तारखेनंतर कधीही ये, आणि एकटी येऊ नकोस. एकटी आलीस तर तुला परत त्या लोखंडी खाटेवर झोपवीन, ती मी भंगारात जाऊ दिलेली नाही. त्या गृहस्थांबद्दल माझा संशय अजून फिटलेला नाही. ज्याला स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही त्याला मी नीट निरखून घेणार आहे, ते त्यांना आधीच सांगून ठेव. नावही कळव. वाण देताना आप्पांना काहीतरी म्हणून हाक मारावी लागेल, आणि सध्या ते त्यांना 'आपले चष्मेवाले' म्हणतात. फळी धाकूने घासून गुळगुळीत केली आहे. रोज तुळसा ती पुसते आणि मला विचारते, "ताई, चष्मा कधी येतोय ओ?" तिला काय सांगू ते कळव.

तुझीच, इतके दिवस वन्सं आणि इथून पुढे नुसती ताई,

उमा