मधल्या नावाचा माणूस

अण्णा, तुमचा तो अमेरिकन वंशवृक्ष मी मागच्या महिन्यात कपाटावरून खाली काढला. तुम्ही गेल्यापासून तो आईच्या एका जुन्या साडीत गुंडाळून ठेवला होता. पसरायला जागा पुरेना, म्हणून जेवणाचं टेबल भिंतीला लावलं आणि फरशीवर उलगडला. कॅलेंडरांचे पाठकोरे कागद डिंकाने जोडलेले, मुलगे निळ्या शाईत, मुली लाल शाईत. सगळ्यात वर तो गलबतांचा मालक, त्याच्याखाली महापौर, गव्हर्नर, दोन सिनेटर, आणि अध्यक्षपदाला उभा राहून पडलेला तो एक, ज्याच्यासाठी तुम्ही घरचं माणूस पडल्यासारखे दोन दिवस गप्प होतात. अलीकडे त्या घराण्यातली एक पणती निवडून आली. मी तिला पेन्सिलीने लिहिली. लाल शाई घरात नव्हती.

हे काम तुमच्यामागे कसं लागलं ते मला आठवतं. फोर्टातल्या तुमच्या ग्रंथालयात परदेशी मासिकांचं टेबल तुमच्याकडे होतं आणि कुणी प्राध्यापक येऊन विचारत होते की यातला बाप कोणता आणि नातू कोणता. तिघांचं नाव एकच. घरी येऊन तुम्ही आजीला सांगितलंत की तिकडे बापाचंच नाव मुलाला ठेवतात, आणि आजी म्हणाली, मग हाक मारली की दोघंही येत असतील. तेव्हापासून दर रविवारी जेवण झालं की गिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांत कागद पसरला जायचा. मी कोपऱ्यांवर पाट ठेवते आहे, आजी खाटेवर पाय वर घेऊन बसली आहे, तुम्ही पालथे पडून लिहिता आहात, आणि कुणी पाणी प्यायला उठलं तरी त्या घराण्याला ओलांडून जावं लागतं आहे.

मग तो माणूस आला. महापौराच्या नावात पहिलं आणि आडनाव यांच्यामध्ये एक नाव होतं, आणि मधलं नाव म्हणजे बापाचं, यात आपल्याला शंका कसली. पुस्तकात त्याला गलबतवाल्याचा नातू म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही दोघांच्या मध्ये त्या नावाचा एक मुलगा काढलात. दीड वर्ष तुम्ही त्याला शोधलंत. तो कुठेच सापडेना. तरुणपणी गेला असेल, असं एकदा जेवताना म्हणालात, आणि आजीने चक्क विचारलं की बायकोचं काय झालं मग. पुढे एका मासिकात महापौराच्या आईवर मृत्युलेख आला आणि कळलं की ते मधलं नाव तिच्या माहेरचं आडनाव होतं. तो माणूस कधी जन्मलाच नव्हता. त्या रविवारी तुम्ही ब्लेडने कागद खरवडलात आणि सगळ्या शाखा पुन्हा तपासल्यात. जिथे जिथे तुम्ही बाप धरला होता तिथे बहुतेक कुणाची तरी आई निघाली. तुम्हाला मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मी बारा वर्षांची होते. मी विचारलं, "अण्णा, आपल्या आईचं घराणं कोणतं?" आजी खाटेवर होती. तुम्ही वर न बघता म्हणालात, "अभ्यास कर." एवढंच. आवाज चढवला नाहीत, पण मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. आईला जाऊन पाच वर्षं झाली होती. ती तुमच्या ग्रंथालयात बांधणीच्या खोलीत पानं जुळवायची, लालबागची, गिरणीत काम करणाऱ्या बापाची मुलगी, आणि हे लग्न आजीने कधी मनातून मानलं नाही, एवढं मला चाळीतल्या बायकांच्या बोलण्यातून कळलेलं. लग्नात तांदळात अंगठीने तिचं नाव बदललं. तेच रेशनकार्डावर, तेच मृत्यूच्या दाखल्यावर. आधीचं मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून, हातात कागदाची गुंडाळी घेऊन बाहेर पडलात. तासाभरात परत आलात आणि अमेरिकेचा कागद काढून बसलात. मला वाटलं, ग्रंथालय बंद असेल.

आता कागद काढण्याचं कारण. दादरचा माझा चुलतभाऊ कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढतो आहे. त्याचा छापील तक्ता आला. त्यात यावेळी एक रकाना वाढवला आहे, पत्नीचे माहेरचे नाव व घराणे. बाकी सगळं मी एका बैठकीत लिहिलं आणि तिथे थांबले. महिनाभराने त्याचा फोन आला. "ताई, तुझ्या एका ओळीसाठी छपाई थांबलीये गं. सोड ना तो रकाना. काकूचं सासरचं नाव आहे, पुरे झालं. आणि उगाच लालबाग वगैरे नको लिहूस, लोक वाचतात." मी पंधरा दिवस मागून घेतले. खरं सांगते, मला तुमचा राग आला होता. एका परक्या घराण्यातल्या पाच पिढ्यांच्या बायकांची माहेरं तुम्हाला तोंडपाठ होती. तिचं मात्र एक नाव तुम्ही कुठे लिहून ठेवलं नाहीत. ही आवृत्ती निघाली की पुढची मी बघणार नाही, आणि माझ्यानंतर तिच्याबद्दल विचारणारं कुणी नाही.

आईबरोबर मी लहानपणी एकदा त्या घरी गेले होते. मसाला कांडणाऱ्या डंकांच्या गल्लीत, मिरचीने शिंका येतात तिथे, एवढीच खूण. चाळ आता नाही. डंकावरच्या बाईने आईच्या भावाचं, म्हणजे मामाचं वर्णन ऐकून समोरच्या टॉवरकडे बोट दाखवलं. चौदाव्या मजल्यावर मामी भेटली. पंचाऐंशीची असेल. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मी कोण ते सांगितल्यावर तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीकडे वळवला. "माज्या नणंदेचा चेडू गो तू? इलंस तां बरा केलंस. आता माका वरच्या माळ्यावर आणून ठेवल्यानी हत, खाली कोण इला-गेला दिसत नाय." मग सुनेला म्हणाली, चाय टाक, नि साखर घाल, ही गिरगावची आसा, फिक्या पीत नसतली.

मी तुमच्याबद्दल तक्रारीच्या सुरात काहीतरी बोलले. मामीने मला थांबवलं. "तुझो बापूस इल्लो हंय. एका आयतवारी. कागद घेवन, तुझ्या आयशीच्या माहेरच्या माणसांची नावा सांगा म्हणालो." मामाने तुम्हाला आत घेतलं नाही. दारातच विचारलं, "भैन गेली तां आमका पंधरा दिवसांनी कार्डान कळला. आता नावा कित्याक होयी?" तुम्ही म्हणे वहाणा तिथल्या तिथे पुन्हा घातल्यात आणि जिना उतरलात. ते कार्ड उशिरा का गेलं, आजीने नको म्हटलं की तुम्हालाच लिहायला धीर होईना, हे मी मामीला सांगू शकले नाही. मला माहीत नाही. पण आई गेली तेव्हा तिचा भाऊ लालबागला, अर्ध्या तासावर होता, आणि त्याला तिचं तोंड बघता आलं नाही. हे तुमच्याकडून झालं, अण्णा. तुम्ही त्या दारातून तसेच परत फिरलात ते बरोबरच होतं.

मामीने नावं सांगितली. आईचं तिथलं नाव काय ते तुम्हाला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. तिच्या आईचं, आजीचं, मालवणकडून पहिला गिरणीत आला त्याचं, आणि त्याच्या बहिणींची, ज्या गावीच राहिल्या. चार पिढ्या झाल्या. रकाना एका ओळीचा होता म्हणून मी पान जोडलं, लालबागही लिहिलं. चुलतभाऊ कुरकुरला. मी म्हटलं, छापायचं नसेल तर माझं नावही काढ. त्याने घेतलं.

निघताना मामी म्हणाली, तुझ्या बापाशीक परत धाडल्याचा त्येंका मागसून लय वायट वाटला. तीनेक वर्षांनी मामाने ती नावं सगळी कागदावर लिहून काढली आणि गिरणीतली पहिली पाळी सुटल्यावर माझ्या शाळेकडे गेला. तुमच्या दारात येणं त्याला जमेना, माझ्या हाती देऊन पाठवणार होता. "पण तुझी गाठ पडूक नाय. शाळा सुटलेली हुती म्हणाले." तो कागद मग कुठे गेला कुणास ठाऊक. मी मान डोलावली, चपला घातल्या आणि लिफ्टची वाट पाहत उभी राहिले.

शाळा तेव्हाच सुटत होती, अण्णा. मी दहावीत होते, मैत्रिणी बरोबर होत्या. तो फाटकाशी उभा होता, खाकी अर्धी पँट, केसांत कापसाचे कण. मी त्याला ओळखलं, तो आईसारखाच उभा राहायचा. एकीने विचारलं, तुझ्याकडे बघतोय तो कोण गं. मी म्हटलं, माहीत नाही, आणि मागच्या फाटकाने गल्लीत उतरून घरी आले. तुम्ही चहा करत होतात. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही आणि परवा मामीलाही नाही. तिला सांगायला पुन्हा चौदा मजले वर जावं लागेल आणि ती माझ्याकडे बघेल. तुम्हाला लिहिणं सोपं होतं.